उताराची विद्या आणि फ्रान्झ क्लामर

बर्फाने झाकलेल्या डोंगराच्या माथ्यावरून, पायांना बांधलेल्या दोन लांब पट्ट्यांच्या आधारे, कमीत कमी वेळात पायथ्याशी पोहोचण्याच्या शर्यतीला डाउनहिल म्हणतात. या पट्ट्यांना स्की हे नाव आहे. या शर्यतीत इंजिन नसते, वल्हे नसते, घोडाही नसतो. डोंगराची उंची हेच खेळाडूचे सारे भांडवल असते आणि ते गुरुत्वाकर्षणाच्या हाती सोपवून वाटेत त्याची शक्य तेवढी कमी नासाडी होऊ देणे, एवढेच त्याचे काम असते. बारी गावातून निघून कळसूबाईचे १६४६ मीटर उंचीचे शिखर गाठायला सरावलेल्या माणसालाही अडीच-तीन तास लागतात, आणि त्या वाटेवर साधारण नऊशे मीटरचा चढ असतो. स्वित्झर्लंडमधील वेंगेन येथे दरवर्षी होणाऱ्या लाउबरहॉर्न शर्यतीत खेळाडू त्याहून अधिक, म्हणजे १०२८ मीटरची उंची अवघ्या अडीच मिनिटांत उतरतात. या एका तुलनेवरूनही डाउनहिलच्या वेगाची कल्पना यावी.

डोंगरउताराच्या स्कीइंगचे चार मुख्य प्रकार आहेत. स्लॅलममध्ये जवळजवळ रोवलेल्या काठ्यांमधून झपाट्याने डावी-उजवी वळणे घेत उतरावे लागते, जायंट स्लॅलममध्ये हे अंतर वाढते, सुपर-जीमध्ये आणखी वाढते, आणि डाउनहिलमध्ये वळणे सर्वांत कमी व वेग सर्वांत जास्त असतो. काठ्यांच्या प्रत्येक जोडीला गेट म्हणतात, आणि एकही गेट चुकले की खेळाडू बाद ठरतो. स्लॅलममध्ये खेळाडूला दोन फेऱ्या मिळतात आणि दोन्ही वेळांची बेरीज करून निकाल लागतो. डाउनहिलमध्ये एकच फेरी असते, त्यामुळे झालेली चूक भरून काढायला दुसरी संधी मिळत नाही. म्हणूनच शर्यतीआधीच्या दिवसांत त्याच उतारावर अधिकृत सराव-फेऱ्या घेतल्या जातात आणि शर्यतीच्या सकाळी खेळाडू सावकाश उतरत, प्रत्येक उंचवटा, प्रत्येक खळगा आणि प्रत्येक वळणाचा कोन डोळ्यांत साठवत सगळा मार्ग पाहून घेतात. सुटण्यापूर्वी अनेक खेळाडू डोळे मिटून, हाताने वळणे दाखवत, तो मार्ग मनातल्या मनात पुन्हा एकदा उतरताना दिसतात.

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरच्या शिवारात आभाळातून पांढरे काही पडते ते गारपिटीचे, आणि त्याची आठवण आडव्या झालेल्या ज्वारीची व झडलेल्या द्राक्षांची असते. त्यामुळे बर्फाचा खेळ म्हटले की तिथल्या वाचकाच्या मनात चित्रपटातला भुसभुशीत, कापसासारखा बर्फ उभा राहणे स्वाभाविक आहे. डाउनहिलचा उतार मात्र त्या मऊ बर्फापेक्षा गारेच्या अधिक जवळचा असतो. मार्गावर मुद्दाम पाणी मारून किंवा ते बर्फाच्या आत मुरवून पृष्ठभाग गोठवला जातो, कारण मऊ बर्फावर पहिल्या काही खेळाडूंनीच चर पाडले असते आणि मागून येणाऱ्यांवर अन्याय झाला असता. अशा कडक, चकाकत्या थरावर स्कीचा तळ टेकला तर ती घसरते, आणि वळायचे असेल तर तिच्या बाजूची पोलादी कडा बर्फात रुतवावी लागते. कडा उतारानुसार किती धारदार हवी आणि तळाला कोणते मेण लावायचे, हे ठरवणारा तंत्रज्ञ इस्त्रीसारख्या तापलेल्या साधनाने मेण वितळवून तळावर पसरवतो, ते गार झाल्यावर खरवडतो आणि शेवटी कुंचल्याने घासून काढतो. त्याचे हे काम शर्यतीच्या आदल्या रात्री उशिरापर्यंत चालते. तो क्वचितच कोणाच्या नजरेस पडतो, पण त्याच्या हाताचे मोल सेकंदाच्या शतांशांत मोजले जाते.

वेग वाढला की खरा शत्रू बर्फ नसून हवा असते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला तर हा विरोध चौपट होतो. त्यामुळे खेळाडू गुडघे व कंबर वाकवून, छाती मांड्यांजवळ आणून आणि हात पुढे जुळवून शरीराचा गोळा करतात. फ्रेंच भाषेत या बैठकीला अंडे म्हणतात. १९६० च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये धातूच्या स्कीवर डाउनहिलचे सुवर्णपदक जिंकणारे झाँ व्हुआर्ने यांच्यामुळे ती प्रसिद्ध झाली. ऐकायला सोपी वाटणारी ही बैठक ताशी शंभराहून अधिक किलोमीटरच्या वेगात, खालून उंचवटे आदळत असताना टिकवायची म्हणजे मांड्यांचा कस लागतो. शेवटच्या अर्ध्या मिनिटात स्नायू पेटल्यासारखे होतात आणि नेमक्या त्याच वेळी सर्वांत अचूक निर्णय घ्यावे लागतात.

या खेळाच्या जन्मकथेत भारताचा एक धागा आहे, तो मराठी वाचकाला सहसा सांगितला जात नाही. १९११ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे ज्या करंडकासाठी पहिल्या डाउनहिल शर्यतींपैकी एक झाली, तो लॉर्ड रॉबर्ट्स यांच्या नावाचा होता. हे रॉबर्ट्स पूर्वी हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेचे सरसेनापती होते आणि अफगाण युद्धातील कामगिरीमुळे त्यांच्या किताबाला कंदाहार हे नाव जोडले गेले होते. म्हणूनच आल्प्सच्या बर्फातील अनेक शर्यती व क्लब आजही कंदाहार या नावाने ओळखले जातात. डाउनहिलला मान्यता मिळावी म्हणून आयुष्यभर झटलेले आणि १९२२ मध्ये म्युरेन येथे आधुनिक स्लॅलमची पद्धत घालून देणारे आर्नल्ड लन यांचा जन्म १८८८ मध्ये मद्रासला झाला होता. स्कीइंगमध्ये सपाटीवरून धावणे व उडी मारणे यांनाच खरा खेळ मानणाऱ्या नॉर्वेच्या जाणकारांचा विरोध ओसरायला बराच काळ लागला. ऑलिम्पिकमध्ये डोंगरउताराच्या स्पर्धेचा समावेश १९३६ मध्ये झाला आणि स्वतंत्र डाउनहिलचे पदक १९४८ पासून दिले जाऊ लागले. १९६७ मध्ये विश्वचषक मालिका सुरू झाली. या मालिकेत हिवाळाभर निरनिराळ्या डोंगरांवर शर्यती होतात, प्रत्येक शर्यतीचे गुण मोजले जातात आणि हंगामाच्या अखेरीस प्रत्येक प्रकारातील सर्वोत्तम खेळाडूला स्फटिकाचा गोल दिला जातो. ऑलिम्पिकचे पदक एका दिवसाचे असते, स्फटिकगोल मात्र सबंध हिवाळ्याचा असतो, आणि डाउनहिलपटूची कारकीर्द जोखताना जाणकार हे दोन्ही पाहतात.

या दोन्ही मापांवर पुरुषांच्या डाउनहिलमध्ये ज्यांचे नाव सर्वप्रथम घेतले जाते ते ऑस्ट्रियाचे फ्रान्झ क्लामर. त्यांचा जन्म ३ डिसेंबर १९५३ रोजी ऑस्ट्रियाच्या दक्षिणेकडील केर्न्टन प्रांतातील मोसवाल्ड या डोंगरी खेड्यात, एका शेतकरी कुटुंबात झाला. ऑस्ट्रियाचे बहुतेक नामवंत स्कीपटू तोवर टिरोल आणि साल्झबुर्ग या प्रांतांतून आलेले होते; केर्न्टनला त्या तुलनेत फारशी परंपरा नव्हती. हिवाळ्यात शाळेत जाण्याचे साधन म्हणजे स्की, आणि डोंगर उतरायचा असेल तर आधी तो पायी चढायचा, हीच त्या वस्तीतल्या मुलांची तालीम होती. खेळ शिकण्याआधीच शरीराला उताराची सवय झालेली असणे ही गोष्ट कोणत्याही प्रबोधिनीत विकत मिळत नाही.

हे धाराशिवच्या वाचकाला वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. या जिल्ह्यात खो-खोची मैदाने आहेत, आणि लहानपणी त्या मातीत पळताना दिशा बदलण्याची, खांबाभोवती झुकून वळण्याची व पाठलाग करणाऱ्याला हुलकावणी देण्याची जी सवय पायांत भिनते, तिच्यातूनच सारिका काळे यांच्यासारखी खेळाडू घडली. त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. मोसवाल्डला बर्फ आणि धाराशिवला माती मिळाली, एवढाच फरक. गाव ज्या जमिनीवर वसलेले असते ती जमीन मुलांच्या पायांना घडवते, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच खरी आहे. भारतातील स्कीइंगची गती समजून घेतानाही हे ध्यानात ठेवावे लागते, कारण आपल्याकडे असा उतार काश्मीर, हिमाचल व उत्तराखंड यांच्या मोजक्या भागांतच आहे. गुलमर्गचे आरिफ खान यांनी २०२२ च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये जायंट स्लॅलम शर्यत पूर्ण करून ४५ वा क्रमांक मिळवला, तेही लहानपणापासून बर्फाच्या उतारावर वाढलेले खेळाडू होत.

विश्वचषक मालिकेतील क्लामर यांचा पहिला विजय डिसेंबर १९७३ मध्ये ऑस्ट्रियातील श्लाडमिंग येथे झाला. त्या वेळी ते अवघे वीस वर्षांचे होते. पुढच्या हंगामाने स्कीइंगचे जग चकित झाले. १९७४-७५ मध्ये झालेल्या नऊ डाउनहिलपैकी आठ त्यांनी जिंकल्या. नववी, मेजेव्ह येथील शर्यत त्यांच्या हातून गेली ती पायातली स्की निसटल्यामुळे. त्याच हंगामात सर्व प्रकारांच्या एकत्रित गुणांत क्लामर, इटलीचे गुस्ताव थोनी आणि स्वीडनचे इंगेमार स्टेनमार्क हे तिघे शेवटच्या स्पर्धेपूर्वी बरोबरीत होते. ही शेवटची स्पर्धा मात्र समांतर स्लॅलमची, म्हणजे दोन खेळाडूंनी शेजारशेजारच्या मार्गांवरून एकाच वेळी उतरण्याची होती. डाउनहिलच्या सम्राटाला ज्या प्रकारात सर्वांत कमी गती होती नेमका तोच निर्णायक ठरला आणि क्लामर तिसऱ्या स्थानावर राहिले. हंगामभर जवळजवळ प्रत्येक उतार जिंकणाऱ्या खेळाडूला हा निकाल अन्यायाचाच वाटला असणार, आणि त्या काळच्या गुणपद्धतीकडे पाहता तसे वाटण्यात वावगे काही नव्हते.

१९७६ चे हिवाळी ऑलिम्पिक खरे तर अमेरिकेतील डेन्व्हरला व्हायचे होते, पण कोलोरॅडो राज्यातील मतदारांनी १९७२ मध्ये त्यासाठी सरकारी पैसा देण्यास नकार दिला आणि यजमानपद ऑस्ट्रियाच्या इन्सब्रुक शहराकडे आले. याच शहराने १९६४ चेही ऑलिम्पिक भरवले होते, आणि त्याच वेळी जेरेमी बुजाकोव्स्की यांच्या रूपाने भारत प्रथमच हिवाळी ऑलिम्पिकमध्ये, डोंगरउताराच्या स्कीइंगमध्ये उतरला होता. १९६४ मध्ये पॅट्शरकोफेल डोंगरावरील सरावात ऑस्ट्रेलियाचे रॉस मिल्न हे १९ वर्षांचे खेळाडू झाडावर आदळून मरण पावले. बारा वर्षांनी पुरुषांची डाउनहिल पुन्हा त्याच डोंगरावर होणार होती.

५ फेब्रुवारी १९७६ ची ती शर्यत डाउनहिलच्या इतिहासात सर्वाधिक वेळा पाहिली गेलेली असावी. क्लामर बावीस वर्षांचे होते, शर्यत त्यांच्याच देशात होती, उताराच्या दुतर्फा हजारो लोक दाटले होते आणि दुसरा क्रमांक म्हणजे पराभवच, असे साऱ्या देशाने जणू आधीच ठरवून टाकले होते. १९७२ चे ऑलिम्पिक विजेते, स्वित्झर्लंडचे बर्नहार्ड रुस्सी आधी उतरून १ मिनिट ४६.०६ सेकंदांची वेळ नोंदवून बसले होते. क्लामर यांना उतरण्यासाठी पंधरावा क्रमांक मिळाला होता. म्हणजे रुस्सींची वेळ कानावर पडल्यानंतरही त्यांना वाट पाहावी लागली, आणि तोवर चौदा खेळाडूंच्या स्कींनी वळणांवरचा बर्फ ओरबाडून काढला होता.

पिवळ्या घट्ट पोशाखातील क्लामर सुरुवातीच्या फाटकातून बाहेर पडले तेव्हापासूनच त्यांचे उतरणे शास्त्रशुद्ध म्हणावे असे नव्हते. वळणांवर एक पाय हवेत, हात पाखराच्या पंखांसारखे फाकलेले, शरीर मागे झुकलेले; आता पडले, आता पडले असे पाहणाऱ्याला क्षणोक्षणी वाटावे आणि पुढच्याच क्षणी त्यांनी तोल सावरलेला असावा. मधल्या टप्प्यावर ते रुस्सींच्या सुमारे एक पंचमांश सेकंद मागे होते. उताराच्या खालच्या भागातील बेर्नेग नावाच्या टप्प्यावर त्यांनी ठरलेली वाट सोडली आणि अधिक धोक्याची, पण वेग कमी न करणारी वाट धरली. इतरांनी जिथे थोडा वेग सोडून वळण सुरक्षित केले होते तिथे क्लामर यांनी वेग राखला आणि तिथून अखेरच्या रेषेपर्यंत सारी पिछाडी भरून काढली. घड्याळ थांबले ते १ मिनिट ४५.७३ सेकंदांवर. फरक होता सेकंदाच्या तेहतीस शतांशांचा. तीन किलोमीटरच्या मार्गावर त्यांचा सरासरी वेग ताशी सुमारे १०३ किलोमीटर भरला, आणि त्या वेगाने तेहतीस शतांश सेकंद म्हणजे जेमतेम नऊ मीटर.

ही धडपड नशिबाची होती असे मानणे चुकीचे ठरेल. डाउनहिलमध्ये निर्दोष फेरी अशी नसतेच. प्रत्येक खेळाडू वाटेत अनेकदा तोल गमावतो, आणि श्रेष्ठ खेळाडू ओळखावा तो त्या डळमळीतही स्कीचे टोक खालच्या दिशेला ठेवण्यावरून. तोल सावरण्यासाठी स्की आडवी करणे हा माणसाच्या शरीराचा स्वाभाविक प्रतिसाद आहे, पण ती आडवी केली की वेग मरतो. क्लामर यांनी त्या दिवशी प्रत्येक वेळी ही स्वाभाविक भीती मागे सारली. ज्या मुलाने शाळेच्या वाटेवर वर्षानुवर्षे उतार पायाखाली घातला होता त्याच्या पायांना, डोके विचार करू लागण्यापूर्वीच, काय करायचे ते ठाऊक होते.

१९७५ ते १९७८ अशी सलग चार वर्षे डाउनहिलचा स्फटिकगोल क्लामर यांच्याकडे राहिला. किट्झब्युएल येथील हानेनकाम ही शर्यत या खेळात सर्वांत कठीण मानली जाते, कारण तिथे सुटल्यानंतर काही सेकंदांतच खेळाडू जवळजवळ कड्यावरून फेकला जातो. ती क्लामर यांनी १९७५, १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ तीनदा जिंकली. मात्र १९७७ मध्येच त्यांचा धाकटा भाऊ क्लाउस एका डाउनहिल शर्यतीत पडला आणि पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीमुळे त्याचे पाय कायमचे गेले. ज्या उताराने एका भावाला देशाचा लाडका केले त्यानेच दुसऱ्याला चाकाच्या खुर्चीत बसवले, आणि थोरल्याने पुन्हा त्याच उतारावर उभे राहायचे होते.

१९७८ नंतर विजय थांबले. एक-दोन शर्यतींचे अपयश नव्हते ते. हंगामामागून हंगाम रिकामे जाऊ लागले, स्की बदलूनही फरक पडला नाही आणि पूर्वी स्तुती करणारी वृत्तपत्रे निवृत्तीच्या गोष्टी लिहू लागली. १९८० च्या लेक प्लॅसिड ऑलिम्पिकसाठी ऑस्ट्रियाने संघ निवडला तेव्हा गतविजेत्या क्लामर यांना त्यात जागा मिळाली नाही. ऑस्ट्रियासारख्या देशात गतविजेता असणे ही संघात राहण्याची हमी नसते, कारण तिथे एका जागेसाठी तितकेच वेगवान पाच-सहा जण उभे असतात. त्या वर्षी डाउनहिलचे सुवर्णपदक जिंकले ते राखीव खेळाडू म्हणून गेलेल्या ऑस्ट्रियाच्याच लेओनहार्ड श्टोक यांनी. आपले पदक घरात बसून दुसऱ्याच्या गळ्यात पडताना पाहणे क्लामर यांच्या नशिबी आले.

पुष्कळ खेळाडू इथे थांबले असते, आणि थांबले असते तरी क्लामर यांची गणना थोरांतच झाली असती. पण त्यांच्या कारकिर्दीचा मोठा भाग इथून सुरू होतो, असे म्हणावेसे वाटते. इन्सब्रुकचा बावीस वर्षांचा तरुण निर्भय होता, कारण गमावणे म्हणजे काय ते त्याला अजून ठाऊक नव्हते. १९८१ च्या डिसेंबरमध्ये फ्रान्समधील व्हाल दिझेर येथे पुन्हा जिंकलेला अठ्ठावीस वर्षांचा माणूस भावाचे अपंगत्व, देशाने फिरवलेली पाठ आणि हातून गेलेली वर्षे सोबत घेऊन उतरला होता. १९८३ मध्ये त्यांनी डाउनहिलचा स्फटिकगोल पाचव्यांदा मिळवला. १९८४ च्या जानेवारीत, तीस वर्षांचे असताना, त्यांनी हानेनकाम चौथ्यांदा जिंकली, आणि तो या मालिकेतील डाउनहिलमधला त्यांचा शेवटचा विजय ठरला. पुढच्याच महिन्यात सारायेव्हो ऑलिम्पिकमध्ये ते दहावे आले. सुवर्ण अमेरिकेच्या बिल जॉन्सन यांनी नेले. १९८५ मध्ये क्लामर निवृत्त झाले.

त्यानंतर काही वर्षे ते मोटारशर्यतींतही उतरले. त्यांच्या नावाने स्थापन झालेली संस्था खेळताना गंभीर दुखापत होऊन अपंगत्व आलेल्या खेळाडूंना मदत करते, आणि तिच्यामागे क्लाउसची आठवण आहे हे ऑस्ट्रियात सर्वांना ठाऊक आहे. क्लामर यांच्या काळातल्यापेक्षा आजच्या स्की अधिक स्थिर आहेत, उतारांच्या कडेला जाळ्यांच्या रांगा आहेत, आणि एका हंगामातील शर्यतींची संख्याही तेव्हापेक्षा मोठी आहे. तरीही पुरुषांच्या डाउनहिलमध्ये विश्वचषक मालिकेतील २५ विजयांचा त्यांचा विक्रम १९८४ पासून अबाधित आहे.